लीज वाढवायचं की फ्रीहोल्डमध्ये वाटा घ्यायचा? इंग्लंडमध्ये फ्लॅट असेल तर या चुका टाळा

लीज म्हणजे ठरावीक वर्षांपुरता फ्लॅटचा हक्क आणि फ्रीहोल्ड म्हणजे इमारत-जमिनीची मालकी. लंडनच्या हॅरो-हाउन्स्लोकडच्या मराठी मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो, 'दोन्हींत स्वस्त काय पडेल?' मी विचारतो, लीजची किती वर्षं उरलीत? 'बघून सांगतो.' फ्लॅटसाठी आयुष्यभराचं कर्ज घेतलेली माणसं हा आकडा बघत नाहीत, याचा मला खरोखर त्रास होतो.

कारण 80 वर्षांचा टप्पा. उरलेली मुदत त्याखाली गेली की 'मॅरेज व्हॅल्यू' लागते. लीज वाढल्याने किमतीत जी भर पडते, तिचा निम्मा हिस्सा फ्रीहोल्डरला, म्हणजे फ्रीहोल्डच्या मालकाला, द्यावा लागतो. ओळखीच्या एका जोडप्याकडे 80 वर्षं आणि वर थोडेच महिने होते. फ्रीहोल्डरच्या एजंटाने गोड शब्दांत कळवलं, 'वकिलाचा खर्च कशाला, आपसांत मिटवू.' मग साहेब रजेवर, मग फाइल मंजुरीला. आकडा आला तो टप्पा उलटल्यावर, मॅरेज व्हॅल्यूसकट. आपसांत जरूर बोला, पण आधी 1993 च्या कायद्याखालची सेक्शन 42 ची नोटीस, म्हणजे लीज वाढवून मागणारी रीतसर नोटीस, द्या. मूल्यांकन त्या तारखेचं धरतात. 90 वर्षं वाढून मिळतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, नाममात्र होतं. दोन वर्षं मालकी हवी ही अटही 31 जानेवारी 2025 पासून गेली. 2024 च्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करायची तरतूद आहे, पण ती लगेच लागू झाली नाही. तिच्या भरवशावर लीजची 81 वर्षं उरलेली असताना थांबणं मला जुगार वाटतो.

फ्रीहोल्डमध्ये वाटा मिळाला की लीज संपलं, हा दुसरा गैरसमज. लीज तसंच राहतं आणि दरवर्षी घटतं. म्हणून त्याच व्यवहारात ते 999 वर्षांचं करून घ्या. पुढे गळकं छप्पर, इमारतीचा विमा, फ्रीहोल्डसाठी कंपनी काढली असेल तर कंपनीज हाउसचे (कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाचे) कागद, सगळं तुम्हा वाटेकऱ्यांच्याच गळ्यात. शिवाय कायद्याच्या वाटेने जायचं तर निदान निम्मे फ्लॅट सोबत हवेत. शेजारी जिन्यात एकमेकांशी बोलत नसतील तर मी लीज वाढवायलाच सांगतो.

इंटरनेटवरच्या कॅलक्युलेटरचा आकडा नोटिशीत घालू नका, त्या भागातला व्हॅल्युअर (मालमत्तेचं मूल्य ठरवणारा तज्ज्ञ) गाठा. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही हिशोबात धरा. आणि फ्रीहोल्डरचं उत्तर, म्हणजे काउंटर-नोटीस, आली की तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांत ना सौदा झाला ना ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज गेला, तर तुमची नोटीस बाद होते आणि नवी देण्यासाठी बारा महिने थांबावं लागतं.