पावर विंडो अडली? मोटर बदलण्याआधी एवढं तपासा

जून लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात गाडीची काच अर्ध्यावर अडणं म्हणजे सीट भिजली, दाराचं आतलं पॅड फुगलं आणि चार दिवस गाडीत कुबट वास. अशा घाईत मोटर गेली असं ठरवून नवी बसवली जाते आणि काच पुन्हा तिथंच अडते. मोटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याआधी ड्रायव्हरकडचा मेन स्विच, दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी आणि पाणी लागलेले कनेक्टर बघायचे.

साध्या रचनेत मोटरला दोनच वायरी असतात. स्विच दाबलेला नसतो तेव्हा दोन्ही अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या असतात. काच वर घेताना एकीत १२ व्होल्ट येतात, दुसरी अर्थलाच राहते. खाली सोडताना याच्या उलट. बाकीच्या दारांच्या स्विचना हा अर्थ बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या मेन स्विचमधून मिळतो. त्यामुळे डाव्या दाराची काच बंद आणि दोष उजव्या दारात, असं हमखास घडतं. ज्या नव्या गाड्यांत मोटरच्या कनेक्टरला दोनपेक्षा जास्त पिना आहेत, तिथं स्विच फक्त इशारा देतो आणि काम मॉड्यूल, म्हणजे छोटा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स करतो. तिथं पुढं सांगितलेली बल्बची चाचणी करू नका आणि बॅटरीची थेट वायरही लावू नका, मॉड्यूल जळेल. तिथं दोष वाचणारा गॅरेजमधला स्कॅनरच हवा.

दाराचं पॅड काढण्याआधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉकचं बटण दाबलं गेलेलं नाही ना, ते बघा. मग इंजिन बंद, चावी ऑन आणि छतावरचा दिवा लावून स्विच दाबा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत जातोय, म्हणजे मोटर किंवा काच जाम आहे. दिवा जराही हलला नाही तर वाट कुठंतरी तुटली आहे. मोटर गुरगुरते पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची, म्हणजे काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची केबल तुटली किंवा गिअर झिजला. तो दोष विजेचा नाही.

आता दोन्हीकडून दाबून बघा. काच स्वतःच्या दारावरून चालते पण ड्रायव्हरकडून नाही, तर मेन स्विच किंवा मधली वायर. ड्रायव्हरकडून चालते पण स्वतःच्या दारावरून नाही, तर त्या दाराचा स्विच. ड्रायव्हरची काच खाली जाते पण वर येताना चिडीचूप, तर मोटर आणि तिच्या दोन वायरी निर्दोष आहेत, कारण दोन्ही दिशांना त्याच वायरी वापरल्या जातात. दोष स्विचच्या एका कॉन्टॅक्टमध्ये आहे. पॅसेंजरच्या काचेचं असं झालं तर मात्र मेन स्विचपासून तिकडं येणाऱ्या वर-खालीच्या वायरी वेगळ्या असतात, त्यांपैकी एक तुटलेली असू शकते.

चारही काचा एकदम बंद असतील तर आधी फ्यूज आणि रिले. फ्यूज साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो: २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा. पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, वायर जळते. शॉर्ट शोधा.

दाराचं पॅड काढायला हँडलच्या कपाखाली आणि आर्मरेस्टमध्ये स्क्रू असतात, कडेला प्लास्टिकच्या क्लिपा. प्लास्टिकच्या पट्टीनं खालच्या कडेपासून सुरुवात करा, मग पॅड वर उचलून काढा. दारात एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असेल तर त्याला हात लावू नका, टेस्टरही लावू नका. मोटरचे बोल्ट सैल करण्याआधी काच रुंद टेपनं चौकटीला बांधा. नाहीतर काच धाडकन खाली येते आणि बोटं सापडतात.

इथून पुढं मल्टिमीटरपेक्षा हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब जास्त उपयोगी. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं, पण त्या एका तारेतून मोटर फिरत नाही. बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणून वायर खरी की खोटी ते लगेच कळतं. मोटरचा कनेक्टर सोडा, त्याच्या दोन टोकांत बल्ब जोडा आणि स्विच वर, मग खाली दाबा. दोन्हीकडं लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. कनेक्टर परत लावून, स्विच दाबून धरून मोटरवर हलकेच ठोका. चालली तर मोटरच्या आतले कार्बनचे ब्रश झिजलेत, आता मात्र मोटर बदला. बल्ब मिणमिणला तर तो पेटलेला असतानाच बॅटरीचा प्लस आणि बल्बचं प्लसकडचं टोक यांच्यात मीटर लावा. नंतर तसंच मायनसकडं. जिकडं एक व्होल्टच्या वर दिसेल, तिकडच्या वाटेत दोष आहे. बल्ब तापतो, तो पॅडवर टेकवू नका.

त्या वाटेत पहिला संशय बिजागरीजवळच्या रबरी नळीवर. ड्रायव्हरचं दार दिवसात कितीतरी वेळा उघडतं आणि वायर दरवेळी त्याच जागी वाकते. वरचं प्लास्टिक धड दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. नळी मागं सारून एकेक वायर दोन बोटांत धरून हळूच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते, चांगली जागची हलत नाही. दार अर्धं उघडल्यावर काच चालते आणि मिटल्यावर बंद पडते, तर दोष इथंच. सोल्डरचा डाग तिथल्या तिथं लावू नका, वाकणाऱ्या जागी डाग पुन्हा तुटतो. मोटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर घ्या, दोन्ही जोड नळीच्या बाहेर करा, एकमेकांपासून पुढं-मागं ठेवा, डाग द्या आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

स्विच उघडला तर कॉन्टॅक्टवर काळे खड्डे किंवा हिरवा गंज दिसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवा. खड्डा खोल असेल तर स्विच बदला. आत तेल सोडू नका, त्यावर धूळ चिकटते. खानापूरकडची तांबडी माती असो की चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानातली धूळ, ती काचेच्या रबरी चॅनेलमध्येही बसते. काच जड होते, मोटर जास्त करंट ओढते आणि त्यानंच स्विच जळतो. चॅनेल ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको. चार-पाच वेळा वर-खाली केल्यावर मोटर गप्प झाली तर १० मिनिटं थांबा. आतलं थर्मल कटआऊट गार झालं की ती परत चालू होते.

पाऊस कोसळतोय आणि काच उघडी अडकली, तर दोन पिनांच्या मोटरचा कनेक्टर सोडून बॅटरीवरून दोन वायरी आणा. प्लसच्या वायरीत २० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर टेकवून काच खाली जाऊ लागली तर वायरींची अदलाबदल करा आणि वर पोचताच लगेच सोडा.

पॅड लावण्याआधी काचेवर बाहेरून दोन तांबे पाणी ओता आणि आत बघा. ते दाराच्या तळातल्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. भोकं चिखलानं बुजलेली असतील तर बारीक प्लास्टिकच्या काडीनं मोकळी करा. कनेक्टर वायरी शिरतात ते तोंड खाली करून बांधा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी आत शिरत नाही. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा चिकटवा, नाहीतर स्विच पुढच्या पावसात परत जाईल. बॅटरी काढली असेल आणि एका दाबात वर जाणारी काच तशी जात नसेल, तर ती पूर्ण खाली घ्या, मग पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद दाबून धरा. नेमका वेळ गाडीच्या पुस्तकात असतो.