लाकडी घर तपासायचं ते बुडापासून

आमचा वाडा नाशिकला तिवंध्याजवळ. दगडी जोतं, मधे चौक, ओसरीला सागाचे खांब. पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराचं ऐकून आम्ही मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि तो खांबांच्या बुडालाही घासून बसवला. चार पावसाळे गेले. मग एक दिवस कोपऱ्यातल्या खांबाला सहज बोट लावलं, तर ते ऑइलपेंटच्या आत शिरलं. आत नुसता भुगा. रंग मात्र चकचकीत होता.

पुढे लेकीकडे मँचेस्टरला गेले असताना तिने चेशायरमधलं लिटल मोरटन हॉल दाखवलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलेलं, ओक लाकडाच्या सांगाड्याचं, खंदकाने वेढलेलं घर. बाहेरून सगळं वाकडंतिकडं, तरी उभं. ते घर जसं पाहिलं, तसंच आता मी आपले वाडे तपासते.

सुरुवात खालून करा. लिटल मोरटनसारख्या इंग्रजी घरांत दगडी पायावर आडवी तुळई टाकून तिच्यात खांब रोवलेले असतात. आपल्याकडे प्रत्येक खांबाखाली वेगळा दगडी तळखडा असतो. दोन्हीकडे हेतू एकच, लाकूड ओलीपासून उचलून धरायचं. म्हणून तळखडा उघडा दिसलाच पाहिजे. नवी फरशी टाकताना तो गाडला गेला असेल, तर आधी तेवढी फरशी काढा. मग पेचकसाच्या मुठीने खांब खालून वर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला तर तिथे बारीक टोचा दाबून बघा, आत किती शिरतो ते.

मग सांधे. त्या घरांत खिळे फारसे नाहीत. एका लाकडाचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकलेली असते. कुसवाचं भोक आणि खाचेचं भोक सुतार मुद्दाम किंचित पुढेमागे पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढली जात. ओक ओला असतानाच तासत, कारण वाळला की तो फार कठीण होतो. घर उभं राहिल्यावर लाकूड वाळे, आवळे, थोडं पिळवटे. जुनी घरं वाकडी दिसतात त्यामागे हेही एक कारण. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत आणि कुठला तुकडा कुठे जाणार हे कळावं म्हणून सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या रेघा मारत. लिटल मोरटनच्या खिडक्यांवर तर 1559 साल आणि रिचर्ड डेल या सुताराचं नाव कोरलेलं आहे. मालकाच्या नावाबरोबर सुताराचं नाव! मला ते वाचून भरून आलं. तुमच्या वाड्यातही सांध्याजवळ हात फिरवा आणि खुंट्या मोजा. गळालेली खुंटी किंवा उघडं पडलेलं कुसू दिसलं की वहीत लिहा.

भिंतीचं सोपं आहे. खांबांमधली ती भिंत म्हणजे आपला कूडच. पेठ-सुरगाण्याकडे कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपतात, तिथे ओकच्या उभ्या काठ्यांत हेझेल झुडपाच्या फांद्या विणून माती, शेण आणि काड लिंपत. भार सांगाड्यावर; भिंत नुसती आडोसा. ती पावसात भिजते आणि उन्हात सुकते, तेव्हा तिला श्वास घेऊ द्या. चुन्याचा हात द्या, सिमेंट अजिबात नको. (अशा इंग्रजी घरांचा ओळखीचा काळा-पांढरा रंगही बराचसा एकोणिसाव्या शतकातला, ओक मुळात तसाच ठेवत, तो करडा पडे.)

छपराचं वजन विसरू नका. लिटल मोरटनमध्ये सगळ्यात वर एक लांबलचक दालन नंतर चढवलं, त्यावर जड दगडी फरश्यांचं छप्पर आलं आणि त्या भाराने खालचे मजले वाकले. वाड्याच्या माळवदावर पाण्याची टाकी ठेवताना हे आठवा.

खांब कलला म्हणून लगेच घाबरू नका, पण मोजा. मृगाआधी खांबाच्या माथ्यावरून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडायचा, तो टेकेल तिथे जमिनीवर खूण करून तारीख लिहायची. दसऱ्यानंतर पुन्हा बघायचं. खूण सरकली असेल तर जाणत्या माणसाकडून आधी धिरे, म्हणजे टेकू, लावून घ्या, मग खांबाला हात घाला.

आमच्या खांबाचं कुजकं बूड सुताराने असंच धिऱ्यांवर कापलं आणि जुन्या सागाचा हातभर तुकडा तिरक्या खाचेने खाली जोडला. त्या सांध्यावर मी रंग लावू दिला नाही. दर पावसाळ्यात आधी तिथेच बोट लावते.