प्रत्येक साइटला नवा पासवर्ड कशाला?

रेसिपी, ऑनलाइन क्लास, खरेदीच्या साइटवर 'साइन इन विथ गूगल' असं बटण दिसलं की खुशाल तेच वापरा. तुमचा पासवर्ड त्या साइटकडे जातच नाही. गूगल ओळख पटवून फक्त नाव, ईमेल आणि फोटो कळवतं. उद्या साइटचा डेटा फुटला तरी तुमचा पासवर्ड तिथे नसतोच. ड्राइव्ह किंवा कॉन्टॅक्ट्सची परवानगी विनाकारण मागितली, तर सरळ नकार द्या. ऑफिसचा ईमेल यासाठी अजिबात नको, नोकरी सुटली की सगळी खाती अडकतात. आता सगळी भिस्त एकाच खात्यावर, म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर वगैरे होणारी दुसरी खात्री, आजच चालू करा. गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा, फोन हरवला तर तेच कामी येतात.