कारखान्याचं नेटवर्क क्लाउडवर न्यायचंय? आधी वहीचं एक पान घ्या

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर आणि आजूबाजूच्या एमआयडीसीत छोट्या कंपन्यांचं नेटवर्क बघतो, म्हणजे शिरोलीत फाउंड्री, गोकुळ शिरगावला मशीन शॉप आणि शाहूपुरीत ऑफिस असं ज्यांचं आहे ते लोक. हल्ली जो तो एकच विचारतोय, सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर, टाकायला किती खर्च येईल? खर्चाचं पुढं सांगतो, पण मी आधी उलटं विचारतो, तुमच्या ऑफिसच्या राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, काय आहे? बऱ्याचदा उत्तर येतंय १९२.१६८.१.१, आणि खरं काम तिथनंच सुरू होतंय.

एका कंपनीचं काम करताना मी ऑफिसला १९२.१६८.१ ची रेंज (म्हणजे पत्त्यांचा गट) होती तशीच ठेवली आणि क्लाउडवर पण तीच दिली, तेव्हा वाटलं चालतंय की. व्हीपीएन (ऑफिस आणि क्लाउडमधला इंटरनेटवरचा बंद बोगदा) जोडला, दोन्ही बाजूला हिरवं दिसतंय, पण पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का बघायचा निरोप) काय जाईना. कारण ऑफिसच्या पीसीला वाटतंय की १९२.१६८.१.५० हा क्लाउडवरच्या सर्व्हरचा पत्ता म्हणजे आपल्याच खोलीतलं मशीन, तो ते पॅकेट (डेटाचा तुकडा) राउटरकडं देतच नाही, इथंच शोधत बसतोय. आणि एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) नेटवर्क एकदा बनवलं की त्याची मूळ रेंज बदलता येत नाही, त्यामुळं सगळं नव्यानं उभं करून सर्व्हर तिकडं हलवला, त्यात कंपनीचे दोन दिवस गेले. ती चूक माझी होती, आणि पाच मिनिटं कागदावर मांडलं असतं तर टळली असती.

म्हणून क्लाउडचं कन्सोल (सेटिंगचं पान) उघडायच्या आधी वही घ्या. शाहूपुरी ऑफिस १०.२०.१.०/२४, शिरोली १०.२०.२.०/२४, गोकुळ शिरगाव १०.२०.३.०/२४ आणि क्लाउड १०.५०.०.०/१६, असं काहीही चालेल, फक्त कुठली रेंज दुसरीवर चढायला नको. खाजगी वापराला तीन घराणी मोकळी आहेत: १० ने सुरू होणारी सगळी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यातली १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ ऑफिसला वापरूच नका, कारण मालकांच्या घरच्या वायफायला बऱ्याचदा तीच असते आणि मग घरनं लॉगिन करताना परत तोच घोळ. स्लॅश २४ म्हणजे २५६ पत्ते, स्लॅश १६ म्हणजे ६५,५३६. एडब्ल्यूएस आणि अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) दोघंही प्रत्येक सबनेटमधले (नेटवर्कच्या आतल्या छोट्या भागातले) ५ पत्ते स्वतःकडं ठेवतात, म्हणजे स्लॅश २४ मध्ये तुम्हाला २५१ च मिळतात.

आता क्लाउडवर नेमकं काय मिळतंय ते बघू. एमआयडीसीत प्लॉट घेतला की रस्ता, पाणी, लाइट दारापर्यंत येते पण कंपाउंड, गेट आणि वॉचमन तुमचा तुम्हाला बघायला लागतोय. इथं पण तसंच आहे. डेटा सेंटर, वीज, केबल क्लाउड कंपनी सांभाळणार, दार उघडं ठेवलं तर चोरी तुमच्याच माथी. त्या प्लॉटला एडब्ल्यूएस आणि गूगल व्हीपीसी म्हणतात, अझ्युअर व्हीनेट म्हणतं. रिजन, म्हणजे डेटा सेंटरचं ठिकाण, जवळची घ्या, एडब्ल्यूएसची मुंबई २०१६ पासून आहे, गूगलची पण मुंबईत आहे आणि अझ्युअरची पुण्यात. अकाउंट उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात अमेरिकेतली कुठलीतरी रिजन आपोआप निवडलेली असू शकते, ती बदलायला विसरू नका, नाहीतर टॅलीची प्रत्येक एंट्री सातासमुद्रापार जाऊन येणार.

प्लॉटच्या आत किमान दोन सबनेट करा. एक पब्लिक, ज्यात बाहेरच्या जगाला दिसायला पाहिजे तेवढंच, वेबसाइट वगैरे. दुसरं प्रायव्हेट, ज्यात टॅली, ईआरपी, डेटाबेस, ड्रॉइंग, आणि या मशीनला पब्लिक आयपी द्यायचाच नाही.

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण नुकसान इथंच होतंय. रिमोट डेस्कटॉपचा (लांबनं दुसऱ्या मशीनची स्क्रीन चालवायची सोय) पोर्ट, म्हणजे दार, ३३८९ सगळ्या जगाला उघडा ठेवलेला सर्व्हर मी बघितलाय, "अकाउंटंटला घरनं काम करायचं होतं म्हणून" एवढंच कारण. एका सकाळी सगळ्या फाइल लॉक आणि स्क्रीनवर पैशाची मागणी, बॅकअप होता पण त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर, तोही लॉक. वर्षभराची बिलं परत टाइप करणारी ती ताई अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. सिक्युरिटी ग्रुपच्या (कुणाला आत सोडायचं त्याची यादी) नियमात ०.०.०.०/० म्हणजे सगळं जग दिसलं आणि पुढं ३३८९, २२ (लिनक्स लॉगिन), १४३३ किंवा ३३०६ (डेटाबेस) असेल तर आजच काढा. लोक व्हीपीएनमधनं आत येऊ देत, आणि लॉगिनला पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड लावाच, क्लाउडच्या मुख्य अकाउंटला तर आधी.

ऑफिस आणि क्लाउड जोडायला साइट टू साइट व्हीपीएन पुरतोय, डायरेक्ट कनेक्टसारखी स्वतंत्र लाइन छोट्या कारखान्याला नको. त्यासाठी नेटवाल्याकडनं स्टॅटिक आयपी मागून घ्या, साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतोय आणि मग टनेल जोडताना डोकं फिरतंय. एडब्ल्यूएस एका कनेक्शनला दोन टनेल देतं, दोन्ही जोडा, कारण ते मेंटेनन्ससाठी अधनंमधनं एक बंद करतात आणि एकच जोडलेला असला की तुमचं काम ठप्प. पिंग जातोय पण फाइल उघडताना अडकतंय असं झालं तर राउटरवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमध्ये किती डेटा भरायचा त्याची मर्यादा) १३५० च्या आसपास उतरवून बघा, व्हीपीएनचं वेष्टण चढल्यावर मोठं पॅकेट बसत नाही म्हणून तसं होतंय.

टॅलीचं एक सांगतो. डेटा फोल्डर क्लाउडवर आणि टॅली इथल्या पीसीवर असं करू नका, लई स्लो चालतंय आणि मध्येच लाइन गेली तर डेटा बिघडायची भीती. टॅली क्लाउडवरच्या मशीनवरच चालवा आणि व्हीपीएनमधनं रिमोट डेस्कटॉपनं बघा, मग लाइनवरनं फक्त स्क्रीनचं चित्र येतंय.

खर्च. डेटा आत न्यायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात, एडब्ल्यूएसवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथं प्रत्येक पब्लिक आयपीला तासाला अर्धा सेंट लागतोय, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर, वापरा नाहीतर पडून ठेवा. नॅट गेटवे (प्रायव्हेट मशीनला बाहेर इंटरनेटवर जायची वाट) तासावर आणि जीबीवर दोन्हीकडनं पैसे घेतो, आणि प्रायव्हेट सबनेटमधला रोजचा बॅकअप त्याच्यातनंच एसथ्रीला (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीला) जात असेल तर बिल फुगतंय, तिथं एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट (आतल्या आत जायची थेट वाट) लावा, त्याला चार्ज नाही. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा.

लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, पण चालू करा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर हल्ला कळल्यापासून ६ तासात त्यांना कळवायचंय. फ्लो लॉग (नेटवर्कवरच्या ये-जाच्या नोंदी) बंद असतील तर कळवणार तरी काय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, शाहूपुरीत शिरलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर टेबलाखाली होता त्यांना काय झालं ते आठवत असेल. क्लाउडवर डेटा वाचतोय, पण तिथंवर पोचायची लाइन तर गावातनंच जाते ना? म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट घ्या, एक फायबर आणि एक मोबाइलवालं, दोन्ही एकाच वाटेनं आलेलं नको, जेसीबीनं एक खड्डा काढला की दोन्ही जातात.

सगळं लागल्यावर एका संध्याकाळी मालकांना समोर बसवून फायबरची वायर हातानं काढा आणि शिरोलीतनं एक बिल करून बघा. मग कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून ज्याचं बिल केलं त्याच गिऱ्हाइकाचं खातं त्यात उघडा. दोन्ही जमलं तर जुना सर्व्हर महिनाभर तसाच बाजूला ठेवा, नंतर बंद करा.