चहात भिजवलेल्या सुक्या फळांचा आयरिश ब्रॅक

आयर्लंडमध्ये हॅलोविनच्या दिवसांत हमखास खाल्ला जाणारा बार्मब्रॅक हा सुक्या फळांचा पाव दोन प्रकारे करतात. एक यीस्टने फुगवलेला असतो आणि दुसरा, ज्याला टी ब्रॅक म्हणतात, तो बेकिंग पावडरवर फुगतो. घरी करायला दुसरा अधिक सोपा आहे, कारण त्यात पीठ मळावे लागत नाही आणि ते फुगण्याची वाटही पाहावी लागत नाही; वेळ द्यावा लागतो तो केवळ फळे भिजण्यासाठी.

आदल्या रात्री ३०० मिलिलिटर कडक, बिनदुधाचा चहा गाळून घ्यावा, तो गरम असतानाच त्यात १५० ग्रॅम ब्राउन शुगर विरघळवावी आणि बेदाणे, काळ्या मनुका व थोडी संत्र्याची पाकवलेली साल असे मिळून ३५० ग्रॅम जिन्नस त्यात घालून भांडे झाकून ठेवावे. या पावात लोणी किंवा तेल अजिबात पडत नाही. त्याचा ओलावा येतो तो या टपोऱ्या झालेल्या फळांतून, म्हणून तासाभराच्या भिजवणीवर भागवू नये. सकाळी भांड्यात उरलेला गोड चहा फेकून न देता मिश्रणातच राहू द्यावा.

त्यात एक फेटलेले अंडे घालावे. २५० ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दालचिनी-जायफळाची एक छोटा चमचा पूड एकत्र चाळून मिश्रणात हलक्या हाताने मिसळावी. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे, कारण जास्त घोटल्यास पाव चिवट होतो. ज्याच्या कापात निघेल त्याचे वर्षभरात लग्न होणार हे सांगणारी अंगठी घालण्याची प्रथा पाळायची असेल, तर ती बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून आताच घालावी; खाणाऱ्यांना मात्र आधी सांगावे, दात सर्वांचेच मोलाचे असतात.

कागद लावलेल्या लांबट लोफ टिनमध्ये मिश्रण ओतून १७० अंश सेल्सिअसवर सुमारे सव्वा तास भाजावे. वर आलेल्या मनुका करपून कडवट होतात, त्यामुळे पाऊण तासानंतर फॉइल झाकावी. सळई घालून पाहताना ती एखाद्या मनुकेतून गेली तर पाव शिजलेला असूनही चिकट निघते, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावे.

पूर्ण गार झाल्यावर कागदात गुंडाळून ठेवलेला ब्रॅक दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. जाडसर कापावर खारे लोणी सढळ हाताने लावावे.