आरपीजीतले डायलॉग पिक्चरसारखे बघत नका बसू बे, खेळा

आरपीजी म्हणजे एक कॅरेक्टर बनून खेळायचा गेम. बरेच पोट्टे म्हणतात भाऊ गेम भारी आहे पण स्टोरीत मनच नाही लागत, अन् खेळताना पाहिलं तर गडी कट्सीन (मधात येणारा पिक्चरसारखा सीन) आला की मोबाईल काढतो अन् ऑप्शन दिसले की पहिलंच बटन दाबून मोकळा. मग काय मन लागन?

पहिलं काम, कॅरेक्टरचा स्वभाव ठरवा. त्याचा चेहरा बनवण्यात तर आपण तासभर घालवतोच, पण हा माणूस कशानं भडकतो, पैशासाठी कुठवर जाईल, अन् काय मेला तरी नाही करणार, एवढं पक्कं करा आणि मग प्रत्येक उत्तर तिथूनच द्या.

दुसरं म्हणजे गेम तुम्हाला कसं बोलू देतो ते ओळखा, खरी गोम इथेच आहे. मास इफेक्टमध्ये (2007) डायलॉग व्हीलवर (उत्तर निवडायच्या गोल चक्रावर) उजवीकडे वर भलेपणाचं उत्तर अन् खाली दांडगाईचं, हे कळलं की आपण वाचणंच सोडतो, जागा पाहून दाबतो. तर मुद्दाम वाचून निवडा, डावीकडचे चौकशीचे प्रश्न पण विचारा. फॉलआऊट 4 (2015) मध्ये चारच ऑप्शन, ते पण दोन-तीन शब्दांचे, मग हिरो तोंड उघडतो अन् भलतंच बोलून जातो, मले तर लय राग येते. पीसीवर असाल तर पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेला गेममधला बदल) टाका. बाल्डर्स गेट 3 (2023) मध्ये उलटं आहे, कॅमेरा एकदम सिनेमाचा पण आपला माणूस बहुतेक गप्पच, वाक्य पूर्ण लिहिलेलं असते, म्हणून ते आपल्याच आवाजात मनात वाचता येते. मी नागपुरीत वाचतो, मजा येते.

सेटिंग: समोरचा बोलायच्या आधीच सबटायटल सगळं सांगून टाकते आणि डोळे खालीच राहतात, चेहरा दिसतच नाही. इंग्रजी कानाला जमत असेल तर बंद करा. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, तर कान झाकणारा हेडफोन पाहिजे, नाहीतर राहू द्या सबटायटल.

अन् बाल्डर्स गेटमध्ये समोरच्याले पटवणं वगैरे फाशावर ठरते, तो फासा मनासारखा पडला नाही की लगेच रीलोड मारू नका, म्हणजे जुना सेव्ह उघडून परत खेळू नका; हरल्यावर पण सीन पुढे चालतो, कधी कधी तर जास्त मजेदार होते. जुना सेव्ह फक्त लाईट गेली तर उघडायचा.