सायकलच्या चाकासाठी स्पोक कसे निवडावेत

स्पोक वारंवार तुटायला लागले की पुण्यात कुणीही सांगतं, "जाड टाका." हा सल्ला घेण्याआधी तुटलेला स्पोक हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा तो हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) अडकतो त्या वाकाशीच तुटलेला असतो आणि तिथे तार ताणून बारीक झालेली नसते, पट्कन मोडल्यासारखी दिसते. चाकाच्या प्रत्येक फेरीत खालच्या स्पोकवरचा ताण उतरतो आणि पुन्हा चढतो. हजारो फेऱ्यांनी धातू थकतो तो असा.

म्हणून पहिली निवड डबल बटेडची करा. हा स्पोक दोन्ही टोकांना २.० मिमी आणि मध्ये १.८ मिमी असतो. मधल्या भागात धातू साधारण एक पंचमांश कमी, त्यामुळे तेवढ्याच ताणाला तो जास्त लांबतो. खड्ड्यात रिम दबली तरी पूर्ण सैल पडत नाही आणि वाकावरचा भारही हलका होतो. निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारं छोटं नट, नेहमीचंच लागतं. तो महाग पडतो हे खरं, पण सिंहगड किंवा कात्रजचा घाट नेहमी चढणाऱ्याने मागच्या चाकापुरता तरी घ्यावाच. कोथरूड ते डेक्कन एवढंच जाणं-येणं असेल, तर साधा २.० मिमीचा प्लेन, म्हणजे सगळीकडे सारख्याच जाडीचा स्पोकही पुरतो. कॅरिअरवर ओझं असेल तर स्पोक जाड करण्यापेक्षा संख्या वाढवा, म्हणजे ३६ भोकांचं हब आणि रिम घ्या. दूधवाल्यांच्या जुन्या सायकलींना मागे ४० स्पोक असतात ते उगाच नाही.

स्पोक स्टेनलेस स्टीलचे आणि निपल पितळेचीच घ्या. आपल्या पावसाळ्यात ॲल्युमिनियमची निपल गंजून जाम होतात.

लांबी वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. मागच्या चाकात कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे स्पोक सहसा एक-दोन मिमी आखूड लागतात, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. जुना स्पोक नमुना म्हणून नेताना तो कोणत्या बाजूचा हे दुकानात सांगायला विसरू नका. बसवल्यावर स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळापर्यंत यायला हवं.

चाक बांधून झालं की एका बाजूचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत घट्ट दाबा, मग आऊट काढा, म्हणजे निपल आवळून-सैल करून चाक डगमगणार नाही असं सरळ करा. पहिल्या फेरीत टिकटिक आवाज आला तर स्पोकचा पीळ सुटतोय असं समजा आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा आऊट काढा.